यंत्र बसवलं की सुटले ना मी?

"मॅडम, माझ्याच्यानं नाही होत. आता काहीतरी बसवूनच घेते."

वजनाच्या तक्रारी घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांकडून हे वाक्य मी सतत ऐकते. कुणाला पोटात फुगा टाकायचा असतो, कुणाला जठराचं ऑपरेशन करून घ्यायचं असतं, हल्ली आठवड्याच्या इंजेक्शनचं विचारतात. वस्तू बदलते, वाक्य बदलत नाही. म्हणून ग्वाल्हेरच्या, आमच्या लष्कर भागातल्या एका बाईंची हकिगत लिहिते आहे. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत. त्यांना शैलाताई म्हणू.

ही २०१६ची गोष्ट. शैलाताई शाळेत गणित शिकवायच्या. वय ४६, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ९२ किलो, मधुमेहाच्या गोळ्या चालू. अमेरिकेतल्या भाच्यानं त्यांना एका नव्या यंत्राची माहिती पाठवली होती. तिथल्या एफडीएनं, म्हणजे औषधं आणि उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेनं, जानेवारी २०१५मध्ये त्याला मंजुरी दिली होती. छातीच्या बाजूला कातडीखाली एक छोटी डबी बसवायचे आणि तिच्या तारा जठराच्या वरच्या तोंडाशी व्हेगस नावाच्या नसेला जोडायचे. ही नस पोट आणि मेंदू यांच्यात निरोप पोचवते. डबीतून ठरावीक वेळानं विजेचे सौम्य झटके सुटायचे, ते निरोप अडवायचे, म्हणून भूक कमी लागावी आणि पोट लवकर भरल्यासारखं वाटावं, अशी कल्पना. चार्जिंग बाहेरून, कातडीवरूनच.

"सर्जन सांगतील ते सांगतील. तुम्ही सांगा, बसवू का?"

अशा प्रश्नाला मी हो किंवा नाही म्हणत नाही. मी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सच्या वाटेनं जाणारी. समोरच्या माणसाला त्याचं उत्तर सापडतं, आपण फक्त घाई करायची नाही, यावर माझा भरवसा आहे. काही सहकाऱ्यांना हा भाबडेपणा वाटतो. वाटू दे.

पण गणिताच्या बाईंपुढे आकडे ठेवायला काय हरकत होती? या यंत्राच्या मुख्य चाचणीत २३९ लोक होते. काहींना खरं यंत्र बसवलं, काहींना नुसती डबी, जिला नसेपर्यंत जाणाऱ्या ताराच नव्हत्या. आपली डबी खरी की खोटी हे त्यांना सांगितलेलं नव्हतं. वर्षानंतर खऱ्या यंत्रवाल्यांचं जादा वजन सरासरी २४ टक्क्यांच्या आसपास उतरलं, खोट्या डबीवाल्यांचं १६ टक्क्यांच्या आसपास.

शैलाताईंनी लगेच पेन काढलं. जादा वजन म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, ते सांगणारा आकडा) २५च्या वरचं. त्यांच्या उंचीला साधारण ६० किलोच्या वरचं, म्हणजे ३२ किलो. त्याचे २४ टक्के पावणेआठ, १६ टक्के पाच.

"म्हणजे यंत्राचे स्वतःचे पावणेतीनच किलो? आणि ज्यांच्या डबीला तारच नव्हती, त्यांचे पाच कुठून आले?" थोडं थांबून त्याच म्हणाल्या, "त्यांना वर्षभर कुणी भेटत होतं का?"

भेटत होतं. दोन्ही गटांना आहार-व्यायामाच्या मार्गदर्शनाच्या बैठका होत्या. हा हिशेब त्यांनी स्वतः सोडवला याचा मला मनातून आनंद झाला, नाही म्हणत नाही. मला वाटलं, आता यंत्राचा विषय मागे पडेल. पण कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवत त्या म्हणाल्या, "पावणेतीन तर पावणेतीन. बसवतेच."

आकडे पटले होते, तरी ओढ तशीच होती. मग ही ओढ वजन उतरवण्याची नव्हतीच. कशाची होती, हे कळायला आणखी काही भेटी गेल्या.

एकदा त्या प्लास्टिकची फाइल घेऊन आल्या. आजवर केलेल्या सगळ्या उपायांचे कागद त्यात होते: आहारतज्ज्ञांचे तक्ते, जिमच्या पावत्या, चूर्णाच्या डब्यावरचं सोलून काढलेलं लेबल. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात तारीख, वजन आणि लाल पेनानं एकच शेरा: 'सोडलं. माझी चूक.' मुलांच्या वह्यांवर असतं तसं वळणदार अक्षर, खाली रेघ.

मी बराच वेळ कागद उलटत राहिले. मग विचारलं, "शैलाताई, यंत्र बसवलं आणि समजा वजन नाही उतरलं, तर त्या कागदावर काय लिहाल?"

"यंत्र फेल," त्या पटकन म्हणाल्या. आणि गप्प झाल्या. मग हसू आलं, हसता हसता डोळे भरले. "म्हणजे मी एवढे पैसे याच्यासाठी घालवणार होते का हो? निदान एकदा तरी दोष दुसऱ्या कुणाचा असावा म्हणून?"

मी काही बोलले नाही. त्या क्षणी समुपदेशक एक शब्द जास्त बोलला, तर सगळं विस्कटतं.

पुढच्या वेळी तीच फाइल घेऊन बसलो. लाल शेऱ्याच्या खाली, तो उपाय सुटला तेव्हा घरात काय चाललं होतं, ते निळ्या पेनानं लिहायचं. सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन. बोर्डाचे पेपर, रात्री एकपर्यंत तपासणी आणि हाताशी तीळ-गुळाच्या गजकचा डबा. मुलीचं लग्न. यांची भोपाळला बदली. एकाही कागदाखाली 'आळस' लिहावं लागलं नाही.

तुम्हीही अशाच दाराशी उभे असाल, तर आधी एवढं तपासा: तुम्हाला उपाय हवाय की दोषातून सुटका? दोन्ही हवं असणं गैर नाही, पण सुटकेसाठी पोटाला टाके कशाला घालायचे? कुणी लग्नाच्या पंगतीत बोललं म्हणून त्याच आठवड्यात सर्जनची वेळ घेऊ नका. गेलात की विचारा: टक्के कशाचे सांगताय, एकूण वजनाचे की जादा वजनाचे? बसवलेली वस्तू बिघडली तर आमच्या गावात कोण बघणार? पुढे एमआरआय करायची वेळ आली तर चालेल का? छातीत जळजळ, डबीच्या जागी दुखणं, गिळायला त्रास, हे त्या चाचणीतही दिसलं होतं; तेही विचारा. आणि घरच्यांनो, ताटाकडे बघत राहणं ही मदत नव्हे.

ऑपरेशन म्हणजे हार, असंही मी मानत नाही. आपल्याकडच्या तज्ज्ञांनी तेव्हाही भारतीयांसाठी कमी पातळी धरली होती: मधुमेहासारखा आजार सोबत असेल तर ३२.५ बीएमआयपासून वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार करता येत होता. शैलाताईंचा ३८ होता.

यंत्र त्यांनी बसवलं नाही. पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत इंदूरला जाऊन जठर लहान करण्याचं ऑपरेशन करून घेतलं. माझा कल चालण्याकडे आणि वेळेवर जेवण्याकडे आहे हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी आपल्याला पटलं ते केलं, आणि मला ते आवडलं. ऑपरेशननंतरही वर्षभर त्या महिन्यातून एकदा माझ्याकडे येत राहिल्या. सर्जननी तसं सांगितलं नव्हतं. त्या पाच किलोंचा हिशेब त्यांनी लक्षात ठेवला होता.