जामीन, जमानत आणि 'अजामीनपात्र'

धंतोलीतल्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. 'खुनाच्या आरोपीला जामीन' ही बातमी वाचून त्यांच्या घरी वाद झाला. सासऱ्यांचं म्हणणं, गुन्हा अजामीनपात्र, मग जामीन मिळालाच कसा? शिवाय नागपुरात कुणी जामीन म्हणतं, कुणी जमानत. यातला बरोबर शब्द कोणता?

दोन्ही बरोबर. मूळ अरबी धातू एकच, आपल्याकडे आले ते फारसीतून. जामिन म्हणजे हमी घेणारा माणूस आणि जमानत म्हणजे त्याने घेतलेली हमी. हिंदीने हा भेद बराचसा राखला, आणि हिंदीचा शेजार असल्यामुळे आपल्या कानावर जमानत सहज पडतं. मराठीतही जामीन हा आधी माणूसच होता. 'मामा कर्जाला जामीन राहिले' असं आपण आजही म्हणतो. पुढे कोर्टातून होणाऱ्या सुटकेलाही तोच शब्द लागला, तेव्हा माणसाला ओळखायला वेगळं नाव हवं झालं आणि 'जामीनदार' रूढ झाला. मुळाकडे पाहिलं तर त्यातला 'दार' जास्तीचा आहे, पण आता त्याच्यावाचून चालत नाही.

आता सासऱ्यांची शंका. तिचं कारण 'अजामीनपात्र' या शब्दातच आहे. ऐकताना वाटतं, जामिनाला अपात्र. कायद्याचा अर्थ तसा नाही. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो; अजामीनपात्र गुन्ह्यात तो द्यायचा की नाही हे न्यायालय ठरवतं. मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यात दंडाधिकाऱ्याचे हात बरेच बांधलेले असतात. सत्र न्यायालय आणि उच्च न्यायालय मात्र पुरावा, आरोपी पळून जाण्याची शक्यता, साक्षीदारांवरचा दबाव हे सगळं तोलून खुनाच्या प्रकरणातही जामीन देऊ शकतात. आणखी एक वाट आहे. अशा गुन्ह्यात 90 दिवसांत दोषारोपपत्र दाखल झालं नाही आणि आरोपीने अर्ज करून अटी पाळायची तयारी दाखवली, तर जामीन हक्काचाच होतो. 'न्यायाधीन जामीन' असा काही शब्द घडवला असता तर घरोघरचा हा घोळ टळला असता, असं मला मनापासून वाटतं.

आदेश झाला म्हणजे दार उघडलं असंही नाही. सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात जामीनदार उभा करायचा तर त्याची कागदपत्रं लागतात: ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, सातबारा किंवा घरटॅक्सची पावती, कधी ऐपतीचा दाखला. छिंदवाडा-बालाघाटहून बांधकामावर आलेल्या मजुराने इथे असा माणूस आणायचा कुठून? 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे नेमकं हेच आलं होतं. 'मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य' या प्रकरणात एका गवंड्याकडे 10,000 रुपयांचा जामीनदार मागितला होता, आणि त्याचा भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला 1,000 रुपयांच्या स्वतःच्या बंधपत्रावर, म्हणजे त्याच्याच लेखी हमीवर, सोडायला सांगितलं आणि जामीनदाराशिवाय झालेली सुटकाही जामीनच, हे स्पष्ट केलं. अशा बंधपत्राला आपला जुना शब्द आहे जातमुचलका; जात म्हणजे स्वतः. माणसाच्या हमीवरून निघालेला जामीन इथे दुसऱ्या माणसावाचून उभा राहतो. एरवी मी जुन्या अर्थाचा कैवार घेतो, पण हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

ताई, बातमीवर बोलताना नुसतं 'सुटला' म्हणू नका. तो 'जामिनावर सुटला'. खटला उभाच आहे, तारखांना हजर राहणं आहे, अट मोडली तर जामीन रद्दही होतो. 'निर्दोष सुटला' हे निकालानंतरचं. आणि लिहिताना जामीन, जामीनदार यांत मी दीर्घ, जामिनावर, जामिनाचा यांत ऱ्हस्व.