कुंडीतला युफोर्बिया पावसात बुडातून कुजतोय, काय करू? (रत्नागिरी)

अहो आधी पाणी थांबवा! हे काटेरी झाड मूळचं मादागास्करचं, कोरड्यात वाढणारं, आणि आपल्याकडे पाऊस ३००० मिमीच्या वर, मग खोड मऊ पडणारच. कुंडी पडवीच्या कडेला घ्या, जिथे उजेड येतो पण पागोळ्या पडत नाहीत, आणि खालची ताटली काढून टाका. कुजलेलं कापून वरचा टणक तुकडा ४-५ दिवस सावलीत सुकवा नि मग निम्मी जाड वाळू, जांभ्याची बारीक खडी घातलेल्या मातीत लावा. किनाऱ्यावरची वाळू नको, खारट असते. कापताना हातमोजे घाला हं, चीक डोळ्यात गेला तर भयंकर आग होते, माझ्या नुसता मनगटाला लागला तरी पुरळ उठलं. पाऊस संपला की ५-६ तास कडक ऊन द्या, फुलेल.