पुढचा गिअर मोठ्या चेनरिंगवर चढत नाही, चढला तर चेन बाहेर पडते: काय करावं?

तुमची बाइक नवी, पुढे पेडलजवळ ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चेनरिंग (दातेरी चकत्या), मागे ८ चकत्या, गिअरचे भाग शिमानो क्लॅरिस. सुरुवातीला सगळं ठीक होतं, मग चेन मोठ्या चेनरिंगवर चढेना. दुकानात स्क्रू फिरवून दिले. आता चढते, पण अधूनमधून क्रॅंकच्या बाजूला उतरते. तुम्ही विचारलंय, फ्रंट डिरेलर (चेन एका चेनरिंगवरून दुसरीवर ढकलणारा भाग) बदलावा का.

बदलू नका. तुम्ही दिलेल्या लक्षणांत भाग खराब असल्याची एकही खूण नाही, सेटिंग बिघडलेलं आहे. नव्या बाइकवर आउटर केसिंगची (केबलवरच्या आवरणाची) टोकं टोप्यांमध्ये नीट बसतात, केसिंग किंचित दबतं आणि केबल सैल पडते. हे सगळ्याच नव्या बाइकवर होतं. त्यावर इलाज केबलला थोडा ताण देणं, एवढाच. तुमच्याकडे बहुधा ताणासोबत एच स्क्रूही सैल केला गेला. नुसता स्क्रू सैल करून चेन चढली नसती, कारण एल आणि एच हे स्क्रू डिरेलरला ढकलत नाहीत. ते दोन बाजूंच्या भिंती आहेत: एल आतली, एच बाहेरची. ढकलण्याचं काम केबलचं आणि परत आणण्याचं स्प्रिंगचं. बाहेरची भिंत मागे सरकली, वर केबल ताणली, म्हणून चेन आता पलीकडे जातेय.

काहीही फिरवण्याआधी एक चाचणी करा. बाइक स्टँडवर घ्या किंवा कोणाला तरी मागचं चाक उचलून धरायला सांगा. चेन पुढे लहान चेनरिंगवर, मागे मधल्या चकतीवर ठेवा. एका हाताने पेडल फिरवत दुसऱ्या हाताने डाउन ट्यूबवरची (हँडलकडून पेडलकडे उतरणाऱ्या नळीवरची) उघडी केबल फ्रेमपासून बाहेर ओढा. चेन पटकन चढली तर डिरेलर चांगला आहे, ताण कमी आहे. केबल जोरात ओढूनही डिरेलर एका जागी अडला आणि चेन चढली नाही, तर एच स्क्रू जास्त आवळलेला आहे किंवा डिरेलर चुकीच्या उंचीवर आहे. केबल फ्रेमच्या आतून जात असेल तर ही चाचणी करता येणार नाही, तेव्हा शिफ्टरच्या (हँडलवरच्या गिअर बदलायच्या) लिव्हरवरून ओळखा. लिव्हर पूर्ण जाते, टक् आवाज येतो आणि चेन चढत नाही: ताण कमी. आवाज येण्याआधीच लिव्हर कडक होऊन अडते: एच आवळलेला. अशा वेळी जोर लावू नका, शिफ्टरच्या आतले दाते खराब होतात.

आता सेटिंग. क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक घोळ क्रम चुकल्यानेच होतात.

पहिल्यांदा डिरेलरची जागा. केज (डिरेलरची चौकट, जिच्यातून चेन जाते) अंगठ्याने बाहेर ढकलून तिची बाहेरची पट्टी मोठ्या चेनरिंगच्या दात्यांवर आणा. दात्याचं टोक आणि पट्टीची खालची कड यांत १ ते ३ मिमी फट हवी. एक रुपयाचं नाणं साधारण दीड मिमी जाड असतं, ते मधून सरकलं पाहिजे. मग वरून बघा: बाहेरची पट्टी चेनरिंगला समांतर हवी. केज उंच असेल तर चेन चढायला आळस करते, तिरकी असेल तर एका टोकाला घासत राहते, आणि हे दोन दोष कुठल्याही स्क्रूने जात नाहीत. जागा बदलायची असेल तर आधी केबल सोडा. डिरेलर फ्रेमला धरणारा क्लॅम्पचा बोल्ट ५ ते ७ न्यूटन मीटरला आवळा. कार्बन फ्रेम असेल तर टॉर्क रेंचशिवाय हात लावू नका.

मग एल. पुढे लहान, मागे सर्वांत मोठी चकती. शिफ्टरची छोटी लिव्हर दोन-तीनदा दाबून शिफ्टर सर्वांत खालच्या जागेवर आणा आणि केबलचा बोल्ट सैल करा. केबल बांधलेली असताना एल लावणारे पुष्कळ आहेत. तेव्हा केज स्क्रूवर टेकलेली नसते, केबलने लटकलेली असते, आणि स्क्रू फिरवून काहीच हलत नाही. आतली पट्टी आणि चेन यांत जेमतेम अर्धा मिमी फट ठेवा. कोणता स्क्रू एल हे डिरेलरच्या अंगावरच्या अक्षरावरून बघा, मॉडेलप्रमाणे जागा बदलते. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की केज बाहेर येते. एका वेळी पाव फेरा, जास्त नाही.

आता केबल. बॅरल अ‍ॅडजस्टर (केबलचा ताण कमी-जास्त करणारी फिरकी) पूर्ण आत घेऊन एक-दोन फेरे बाहेर सोडा, म्हणजे नंतर दोन्हीकडे वाव राहतो. केबल पकडीने ओढून बोल्ट ६ ते ७ न्यूटन मीटरला आवळा. केबल बोल्टच्या खाचेतच बसली आहे ना, बघा. चुकीच्या बाजूने गेली की ओढ बदलते आणि मग कितीही अ‍ॅडजस्ट केलं तरी मेळ बसत नाही.

शेवटी एच. आधी तो दोन फेरे सैल करून चेन मोठ्या चेनरिंगवर चढवा, मागे सर्वांत लहान चकती. ही परीक्षा स्टँडवरच घ्या. लिव्हर दाबून धरून बाहेरची पट्टी आणि चेन यांत अर्धा मिमी उरेपर्यंत एच आवळा. तुमचं चेन पडणं इथे थांबेल. चेन चढायला अजून कचरत असेल तर एचला हात न लावता बॅरल अर्धा फेरा बाहेर.

घासण्याच्या आवाजाचं वेगळं. बहुतेक शिमानो रोड शिफ्टरवर ट्रिम असते. मोठ्या चेनरिंगवरून मागे मोठ्या चकत्यांकडे गेलात की छोटी लिव्हर हलकी दाबा. केज थोडी आत येते, चेन मात्र मोठ्या चेनरिंगवरच राहते. पुढे मोठी, मागे सर्वांत मोठी, ट्रिम लावलेली, आणि आतली पट्टी चेनला न घासता अगदी जवळ: ताण बरोबर असल्याची ही सर्वांत भरवशाची खूण. ट्रिमऐवजी चेन थेट खाली उतरली तर लिव्हर जास्त दाबली गेली किंवा ताण कमी आहे. पुढे लहान आणि मागे सर्वांत लहान या जोडीत थोडं घासणारच. ती जोडी वापरायचीही नसते.

चेन मोठीवरून लहानवर उशिरा उतरत असेल तर आधी घर्षण शोधा. चढताना तुमच्या हाताचा जोर असतो, उतरताना फक्त स्प्रिंग. पावसाळ्यात बॉटम ब्रॅकेटखालच्या (क्रॅंक जिथे फिरते त्या भागाखालच्या) प्लॅस्टिकच्या केबल-गाइडमध्ये चिखल बसतो, तो बाइक उलटी करून पुसून काढा.

आणि चालवतानाचं: लिव्हर अर्धवट दाबून सोडू नका, चेन चढेपर्यंत धरून ठेवा. त्या क्षणी पेडल फिरत राहू द्या, पण पायाचा जोर कमी करा. चढावर पूर्ण ताकदीने पेडल मारत असताना कितीही महागडा डिरेलर चेन नीट बदलत नाही, म्हणून चढ सुरू होण्याआधीच लहान चेनरिंगवर या.

हे सगळं जमूनही चढत नसेल तर मोठ्या चेनरिंगच्या बाहेरच्या बाजूची छोटी पिन क्रॅंकच्या मागे येते का बघा. येत नसेल तर चेनरिंग फिरवून बसवली आहे, आणि चेन उचलणारे उतार व खुंट्या चुकीच्या जागी आहेत. हे आणि वाकलेली केज, दोन्ही पहिल्या फ्री सर्व्हिसमध्ये दुकानाकडून दुरुस्त करून घ्या.