इंटिग्रेटिव्ह थेरपी म्हणजे नक्की काय, आणि कोल्हापुरात चांगला थेरपिस्ट कसा शोधायचा?

तुम्ही लिहिलंय की झोप लागत नाही, ऑफिसातली चिडचिड घरात निघते, सायकियाट्रिस्टनी बारीक डोसची गोळी चालू केलीय आणि पुण्याची मैत्रीण म्हणते इंटिग्रेटिव्ह थेरपी घे. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, लक्ष्मीपुरीत आमचं धान्याचं दुकान आहे, पण ह्यातनं स्वतः गेलोय म्हणून लिहितोय.

थेरपीत वेगवेगळी घराणी असतात. फ्रॉइडच्या वाटेनं जाणारे लहानपण आणि दाबून ठेवलेलं खणून काढतात, आरन बेकची सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी) आत्ता डोक्यात चाललेला विचार पकडते, कार्ल रॉजर्सवाले सल्ला न देता ऐकून घेण्यावर भर देतात, आणि आपल्याकडं अल्बर्ट एलिसची आरईबीटी, म्हणजे विवेकनिष्ठ पद्धत, बऱ्याच जणांना माहीत आहे ती ठाण्याच्या आयपीएच ह्या मानसिक आरोग्य संस्थेच्या डॉ. आनंद नाडकर्णींमुळं. इंटिग्रेटिव्हवाला एकाच घराण्याला बांधून घेत नाही, माणूस बघून, त्याचा त्रास कुठल्या टप्प्यावर आहे ते बघून ह्यातलं जे लागेल ते वापरतो.

माझंच सांगतो म्हणजे कळेल. वडील गेल्यावर मला पॅनिक अटॅक यायला लागले. गिऱ्हाईकाचं बिल करता करता एकदम छाती धडधडायची, हात गार पडायचे, वाटायचं झालं आता. ईसीजी नॉर्मल, टूडी इको नॉर्मल, डॉक्टर म्हणाले हार्टचं काय नाही, डोक्याच्या डॉक्टरकडं जा (आमच्याकडं असंच म्हणतात). तिथनं थेरपिस्ट मॅडमकडं गेलो. त्यांनी सुरवातीला वडिलांच्या विषयाला हातच घातला नाही. आधी कागदावर चक्र काढून दाखवलं, की धडधड होते, मनात येतं अटॅक आला, त्या भीतीनं ॲड्रेनलिन सुटतं, त्यानं धडधड आणखी वाढते, मग भीती खरीच वाटायला लागते. मग मुद्दाम जिना पळत चढायला लावायचं आणि दम लागला की नुसतं बसून बघायचं, काय न करता ते आपोआप उतरतं का. उतरायचं की. (हे सगळे रिपोर्ट बघून करून घेतलं होतं, आपल्या मनानं करू नका.) हा झाला सीबीटीचा भाग.

अटॅक कमी झाले, पण गल्ल्यावर बसलं की जीव नकोसा व्हायचा ते काय जाईना. इथं त्यांनी पद्धत बदलली, आणि का बदलतोय ते सांगून बदलली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. समोर रिकामी खुर्ची ठेवली आणि म्हणाल्या वडील बसलेत असं समजा, बोला. ही गेस्टाल्ट नावाच्या आणखी एका घराण्यातली पद्धत. मला नाटकीच वाटलं, लक्ष्मीपुरीतला माणूस खुर्चीशी काय बोलणार, पण तोंडातनं पहिलं वाक्य आलं ते "दुकान पाहिजे का म्हणून मला कधी विचारलं का तुम्ही?" असं आलं आणि ते मलाच नवीन होतं. हेच जर पहिल्या दिवशी केलं असतं तर मी परत त्या पायऱ्या चढलो नसतो.

तर थेरपिस्ट शोधताना माझ्या मते खरा प्रश्न एकच, "माझ्या बाबतीत तुम्ही काय वापरणार आणि का?" ज्याला हे साध्या मराठीत सांगता येतं तो विचार करून जोडतोय, आणि जो "आम्ही सगळंच करतो" म्हणतो तो सगळ्या पोत्यातलं मूठमूठ एकत्र करून विकतोय. दुसरं म्हणजे ह्या नावाखाली काय काय चालतं बघा, रेकी, पत्रिका, ऊर्जा शुद्धी, ह्याचा मानसशास्त्रातल्या इंटिग्रेटिव्ह थेरपीशी काय संबंध नाही. इतक्या इतक्या सेशनमध्ये गॅरंटीनं बरं करतो म्हणणारा आणि पहिल्याच भेटीत पॅकेज गळ्यात मारणारा, दोघांना लांबनंच नमस्कार.

शिक्षणाचं म्हणाल तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडं, म्हणजे आरसीआयकडं नोंदणी लागते, नंबर विचारायला लाजू नका, त्यांच्या वेबसाइटवर तपासता येतो. काउन्सेलर म्हणून काम करणारे बरेच जण एमए सायकॉलॉजी असतात, त्यांच्याकडं हा नंबर नसतो, म्हणून ते वाईट असं नाही, पण मग ट्रेनिंग कुठं घेतलं, अडलेली केस कुणाशी बोलता, हे विचाराच.

सुरवात तुमच्या सायकियाट्रिस्टपासनंच करा, त्यांना म्हणा थेरपीसाठी कुणाकडं पाठवता. परवडायचा प्रश्न असेल तर सीपीआरमध्ये, म्हणजे आपल्या सरकारी छत्रपती प्रमिलाराजे हॉस्पिटलमध्ये, मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढून ओपीडीत जाता येतं, गर्दी असते, तेवढी तयारी ठेवा. प्रायव्हेट सेशन साधारण पाऊण ते एक तासाचं असतं आणि सुरवातीला आठवड्याला बोलवतात, तेव्हा फी विचारून महिन्याचा हिशोब आधीच मांडा. आणि कोल्हापुरात राजारामपुरीच्या कुठल्या पण गल्लीत शिरा, ओळखीचं कोणतरी भेटतंयच, त्याची भीती वाटत असेल तर ऑनलाइन घ्या, पुण्या-मुंबईचा थेरपिस्ट पण चालेल, फक्त मराठीत बोलणारा बघा. आपण भांडतो मराठीत, झोपेत बडबडतो मराठीत, मग रडायचं तेवढं इंग्लिशमध्ये कसं जमणार?

दोन-तीन भेटींत जर आपण ह्या माणसासमोर खोटं बोलतोय, चांगलं दिसायला बघतोय असं जाणवलं तर ते त्यांना सांगून बघा, आणि तरी नाही जुळलं तर बदला. सॉल रोझेनझ्वाइगनं 1936 मध्येच लिहून ठेवलंय की सगळ्या पद्धतींनी माणसं बरी होतात म्हणजे त्यांच्यात काहीतरी सामाईक असणार, आणि नंतरच्या अभ्यासात थेरपिस्टशी जुळणारं नातं हे परत परत वर आलंय.

गोळी थेरपी चालू झाली म्हणून बंद करू नका. ती कमी करायची का हे सायकियाट्रिस्ट ठरवणार, थेरपिस्ट नाही, दोघांना एकमेकांशी बोलायची परवानगी देऊन टाका. मध्येच एखाद्या रात्री लई वाईट विचार आले तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, 14416 ही सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. अगदीच जीवावर बेतलं तर सरळ सीपीआरच्या कॅज्युअल्टीत जा.

राहिलं घरात सांगायचं का ते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तुमची माहिती गुप्त ठेवायचा हक्क तुम्हाला दिलाय, त्यामुळं कुणाला सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी बायकोला सगळं सांगितलं. आईला बीपी दाखवायला जातोय म्हणून सांगितलं होतं, तिला आजही तेवढंच माहीत आहे.