व्हीएमसी आहे म्हणून बंदूक जमेल का?

प्रश्न : भोसरीत आमचं जॉबवर्कचं वर्कशॉप आहे. दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी उभी मिलिंग मशीन), एक टर्निंग सेंटर, एक ग्राइंडर. गाड्यांच्या पार्टची दहा मायक्रॉनची (मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची) कामं रोजची आहेत. बंदुकीच्या सुट्या भागांत उतरावं का?

उतरा, पण मशीनच्या भरवशावर नको. बंदुकीत दहा मायक्रॉन लागतील अशा जागा मोजक्याच असतात आणि तिथवर तुम्ही आजच पोचलेले आहात. खरी कसोटी धातूची आहे. तुमच्या नग पकडणाऱ्या फिक्स्चरचा हायड्रॉलिक पॉवरपॅक फार तर शे-दोनशे बार दाबावर चालत असेल. ९ मिमी पिस्तुलाच्या काडतुसासाठी युरोपीय मानकाने मान्य केलेला कमाल दाब २,३५० बार आहे, आणि .३०८ रायफलीसाठी ४,१५०. शिवाय प्रत्येक नळीवर प्रूफ फायरिंग होतं. त्या मानकानुसार रायफलीला कमाल दाबापेक्षा २५ टक्के आणि पिस्तुलाला ३० टक्के जास्त दाबाचं काडतूस उडवून बघतात.

म्हणून मोठा ग्राहक आधी तुमचं मशीन बघत नाही, कागद बघतो. स्टील कोणत्या हीटचं (भट्टीतल्या कोणत्या ओतीचं), हार्डनिंगच्या त्या लॉटचा चार्ट कुठे, मॅग्नेटिक क्रॅक तपासणी कोणी केली, नाकारलेला नग कुठे गेला. इंजिनातला खराब बुश गाडी बंद पाडतो. इथे मागे डोळा लावून माणूस बसलेला असतो.

कायद्याचंही आधी समजून घ्या. शस्त्र अधिनियम, १९५९च्या व्याख्येत ‘शस्त्रा’मध्ये शस्त्राचे भाग येतात, आणि शस्त्रं बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. त्यामुळे ‘दोन-चार नग करून बघू, परवान्याचं नंतर बघू’ हा आपला नेहमीचा सॅम्पलचा रिवाज इथे गुन्हा ठरतो. ओळखीच्या कुणी ड्रॉइंग आणून दिलं तरी परवाना पाहिल्याशिवाय स्टीलचा बार चकमध्ये धरू नका. परवानाधारक उत्पादकाकडे जा आणि कोणतं काम बाहेरून करून घ्यायला त्याला परवानगी आहे, ते लेखी घ्या.

प्रश्न : वडिलांच्या नावावर शेतीसंरक्षणाची परवान्याची बारा बोअर बंदूक आहे. घोडा मध्येच अडकतो. गावातला लेथवाला दुरुस्त करून देतो म्हणतो. द्यावी का? (सिंधुदुर्गातून)

अजिबात नाही. कलम ५नुसार शस्त्राची दुरुस्ती आणि चाचणी यांनाही परवाना लागतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना दुरुस्तीला किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. तुमच्या लेथवाल्यावर ही पाळी आणू नका.

आणि तो कितीही हुशार असला तरी घोडा जिथे अडकून राहतो ती खाच घासली की चाप हलका होतो, हे त्याला वरून दिसणार नाही. मग बंदूक बांधावर नुसती आपटली तरी उडू शकते. बऱ्याचदा दुखणं साधं असतं, जुनं तेल सुकून राळेसारखं घट्ट झालेलं असतं. बंदूक रिकामी करा, परवाना बरोबर घ्या आणि दुरुस्तीचा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे न्या.

प्रश्न : अचूक यंत्रकामातून बंदुकीकडे गेलेली, आपल्याला माहीत असावीत अशी उदाहरणं आहेत का?

आहेत, आणि त्यातलं एक पुण्याशी जोडलेलं आहे. महूचं इन्फंट्री स्कूल आणि पुण्याची एआरडीई ही डीआरडीओची शस्त्रसंशोधन प्रयोगशाळा यांनी मिळून ‘अस्मी’ हे ९ मिमीचं मशीन पिस्तूल चार महिन्यांत तयार केलं आणि जानेवारी २०२१मध्ये दाखवलं. वरचा सांगाडा विमानाच्या दर्जाच्या ॲल्युमिनियमचा, खालचा कार्बन फायबरचा. नमुन्यातले चापाचे भाग धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगने केले होते. नगामागे उत्पादनखर्च ५० हजारांच्या आत राहील असा अंदाज होता. हे पिस्तूल बनवायला घेतलं हैदराबादच्या लोकेश मशीन्सने. ही मुळात सीएनसी (संगणकावर चालणारी) मशीन बनवणारी कंपनी. २०२४मध्ये लष्कराने तिच्याकडे ५५० नगांची मागणी नोंदवली.

बंगळुरूच्या एसएसएस डिफेन्सची मूळ कंपनी स्प्रिंगांची आहे. स्प्रिंग थकली की उत्तम बंदूकही अडते, त्यामुळे धातूचा थकवा समजणारे लोक तिच्याकडे आधीपासूनच होते. आज तिच्या नावावर ‘वायपर’ आणि ‘सेबर’ या स्नायपर रायफली आहेत. दोन्ही कंपन्यांत मला एक गोष्ट सारखी दिसते. बंदुकीला हात घालण्याआधी त्यांच्याकडे धातूची किंवा यंत्राची दशकांची शिदोरी होती.

उलटा, म्हणजे बंदुकीकडून यंत्रांकडे झालेला प्रवास तर त्याहून जुना आहे. तोफा कोरण्याच्या यंत्राचं १७७४ साली पेटंट घेणाऱ्या जॉन विल्किन्सननेच पुढे जेम्स वॅटच्या वाफेच्या इंजिनाचे सिलिंडर कोरून दिले. अमेरिकेच्या यादवी युद्धात बंदुकीला बारीक भोकं पाडणारी ट्विस्ट ड्रिलं, म्हणजे त्यांच्या पीळदार खाचा, कानशीने घासून करावी लागत. ती अडचण सोडवताना ब्राउन अँड शार्प कंपनीत युनिव्हर्सल मिलिंग मशीन जन्माला आलं. आपल्या टूलरूममधल्या मिलिंगचं मूळ तिथे आहे.

प्रश्न : मी कोल्हापूरला आयटीआय मशिनिस्ट करतोय. स्वप्नील कुसाळेंनी पॅरिस ऑलिम्पिकला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं. तशा रायफलीची नळी आपल्याकडे का होत नाही?

या प्रश्नाने फार बरं वाटलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सरळ, खोल भोक पाडणं आपल्याकडे अशक्य नाही. मोल्डमधल्या पाण्याच्या वाटांसाठी गनड्रिलिंग तुम्ही पाहिलं असेल. ते हत्यार मुळात नळ्यांसाठीच घडलं. अडचण पुढे आहे. स्टीलच्या बारमध्ये रोलिंगचे आणि आपण दिलेल्या मशीनिंगचे ताण दडून बसलेले असतात. नळीत आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) पाडून झाल्यावर ती बाहेरून लेथवर टर्न केली की ते मोकळे होतात आणि आतला व्यास कुठेतरी किंचित सैल पडतो. गेजवर ते धड कळतही नाही, पण शिशाच्या मऊ गोळीला कळतं.

म्हणून चांगल्या नळीवर शेवटी हात फिरतो. नळीच्या आतच शिशाचा गट्टू ओततात, तो सळईला धरलेला असतो. त्याला बारीक पॉलिशची पेस्ट लावून पुढेमागे ओढतात. कारागिराला मनगटात समजतं की इथे ओढ लागली, इथे सुटली. घट्ट जागी तो दोन हात जास्त मारतो. नळी सगळीकडे सारखी, आणि गोळी जिथून सुटते त्या तोंडाशी केसभर घट्ट हवी. एवढं झाल्यावरही नेमबाज आपली रायफल घेऊन काडतुसांचे वेगवेगळे लॉट मारून बघतात, कारण प्रत्येक नळीला वेगळा लॉट मानवतो. ५० मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिमी व्यासाचं असतं.

असा हात पिढ्यांनी तयार होतो. जर्मनीतल्या ओबरनडॉर्फला युद्धानंतर माउझर या बंदूक कंपनीच्या दोन माजी अभियंत्यांनी फाइनवर्कबाउ हे अचूक यंत्रकामाचं वर्कशॉप काढलं. ते एअर रायफलीत उतरलं, तेव्हा गावात बंदुकीचा कसब आधीपासून मुरलेला होता. आपल्याकडे अशा रायफलीचे गिऱ्हाईक कमी, म्हणून कारखाना नाही. आणि कारखाना नाही म्हणून हात तयार होत नाहीत. हे बदलावं असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही आयटीआय संपवून थांबू नका. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या ठिकाणी टूल अँड डाय शिका. हीट ट्रीटमेंटच्या भट्टीशेजारी काही महिने उभे राहा. ऑर्डनन्स कारखान्यांच्या ॲप्रेंटिसच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. आणि मायक्रोमीटर वाचण्याआधी नगावरून बोट फिरवून अंदाज बांधायची सवय आत्तापासून लावा.