आधी डायवाल्या काकांचा फोन उचल

अरे,

रविवारी तू दोन तास बोललास आणि मी गप्प बसले म्हणून तुला वाटलं असेल मावशीला प्लॅन आवडला. दोनशे दप्तरं, प्रत्येकावर तुझ्या बॉक्सच्या कारखान्याचा लोगो, शाळेत कार्यक्रम, फोटो. पण चहा पिता पिता तुझा फोन तीनदा वाजला, स्क्रीनवर "डाय पंचिंगवाले काका", तुझ्या बॉक्सचे पुठ्ठे साच्याने कापून देतात ते, आणि तिन्ही वेळा तू फोन उलटा करून ठेवलास. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच फिरतंय.

किती महिने झाले रे त्यांच्या बिलाला?

सीएसआर सीएसआर म्हणत होतास, पण मोठ्या कंपन्यांनी नफ्यातला वाटा समाजकार्याला द्यायचा तो 2013 चा कायदा तुझ्यासाठी नाहीच. नेटवर्थ 500 कोटी नाहीतर टर्नओव्हर 1000 कोटी नाहीतर नफा 5 कोटी, तिथून पुढे ते 2 टक्के सुरू होतात. तुला लागतो तो 2006 चा एमएसएमईवाला, लहान उद्योगांची बिलं वेळेत द्यायला लावणारा. काकांचं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारी नोंदणी, असेल तर बिल द्यायला लेखी ठरलेलं असलं तरी जास्तीत जास्त 45 दिवस, काहीच ठरलं नसेल तर 15. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. आणि आता तर पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च इन्कम टॅक्समध्येही धरत नाहीत, सीएला विचार हवं तर.

सयाजीराव महाराजांचं उदाहरणही दिलंस. बडोद्यात वाढलेला प्रत्येक जण देतो, मीही द्यायचे. पण सक्तीचं मोफत शिक्षण महाराजांनी 1893 ला आधी एकट्या अमरेली तालुक्यात सुरू केलं, सगळ्या राज्यात आलं ते 1906 ला. तुझी अमरेली म्हणजे मकरपुरा जीआयडीसी वसाहतीतल्या त्या दोन-तीन गल्ल्या, जिथे तुझं पंचिंग होतं, पेस्टिंग होतं, टेम्पो भरतो. तिथली बिलं आधी चुकती कर, मग शाळेत जा.

मी हे पुस्तकातून नाही सांगत. 2009 ला मी एका शाळेला वॉटर कूलर दिला, सासूबाईंच्या नावाची संगमरवरी पाटी, हार, पेढे, सगळं. आमच्या बाइंडिंगवाल्याचे तेव्हा 38 हजार पाच महिन्यांपासून अडकले होते. तो कार्यक्रमाला आला, शेवटच्या रांगेत बसला, टाळ्याही वाजवल्या, आणि गेटपाशी हळूच म्हणाला, "बेन, थोडे तरी." मी म्हटलं सोमवारी ये. दिले मी नंतर, पूर्ण दिले, पण तोवर त्याने कटिंग मशीन विकलं होतं. कूलर दुसऱ्या उन्हाळ्यात बंद पडला, पाटी अजून आहे.

तेव्हापासून माझं एकच, आधी बिलं. गणपतीच्या वर्गणीला आलेल्या पोरांना मी बॅनरचे पैसे देत नाही, दांडिया बाजारात मला चिकट म्हणतात, म्हणू देत. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात घुसलं तेव्हा लोगोवाली फूड पॅकेटं वाटणाऱ्यांत मी नव्हते हेही खरं, ह्यांनी तर घरात ऐकवलं की लोक काय म्हणतील. पण माझ्या अकरा कामगारांचा एक दिवसाचा पगारही कापला नाही, आणि दोघांच्या घरात चिखल होता त्यांना पगार आठ दिवस आधी दिला. त्याचा फोटो नाही माझ्याकडे. कशाला असेल? आता हे तुला सांगतेय म्हणजे मीही मिरवतेच आहे, असो.

चिडलेय असं समज हवं तर. तुझं मन चांगलं आहे म्हणून तर एवढं लिहितेय, नुसता शो करणारा असतास तर "वा वा" म्हणून वाटेला लावलं असतं. दप्तरं दे ना, कोण नको म्हणतंय, दोनशेच्या जागी पन्नास दे आणि लोगो काढ. पण त्याआधी बिलं.

गुरुवारी संध्याकाळी ये, सेव उसळ मागवून ठेवते. ती प्रेझेंटेशनची फाइल नको आणूस, कोणाचे किती आणि कधीपासून द्यायचे आहेत ती लिस्ट आण. आणि काकांना आजच फोन कर, गुरुवारची वाट बघू नकोस.

मावशी