राईतला हिरवा उजेड आणि घाबरलेली मुले

प्रश्न : माझ्या बदलीमुळे आम्ही जूनमध्ये पुण्याहून सावंतवाडी तालुक्यातल्या, आंबोलीच्या परिसरातील एका वाडीत राहायला आलो. वाडीत जेमतेम पंधरा घरे आहेत आणि पावसात कित्येकदा रात्रभर वीज नसते. घरामागे देवराई आहे. गेल्या महिन्यात वीज गेलेली असताना माझ्या मुलीने (वय ११) आणि मुलाने (वय ७) मागच्या पडवीतून, राईच्या कडेला पडलेल्या एका ओंडक्यावर फिकट हिरवा उजेड पाहिला. तो हलत नव्हता आणि विझतही नव्हता. सकाळी पाहिले, तर ओंडका नेहमीसारखाच काळा आणि ओला होता. शाळेतल्या मुलांनी सांगितले, ‘रातचो थंय जाव नको, थंय देवचार फिरता.’ तेव्हापासून मुलगा एकटा न्हाणीघरात जात नाही आणि मुलगी मागची खिडकी उघडू देत नाही. यजमान म्हणतात की गावच्या मुलांचे ऐकूच नये; सासूबाई मुलांना पुण्याला परत पाठवा म्हणतात. मी मुलांना काय सांगावे?

उत्तर : मुलांनी जे पाहिले ते खरोखरच पाहिले, हे सर्वांत आधी त्यांना सांगा. ‘तुम्हाला भास झाला’ असे घरातील मोठ्या माणसांनी म्हटले, तर आपल्या डोळ्यांवरचाही विश्वास उडालेले मूल अधिकच घाबरते.

तुमच्या वर्णनावरून तो उजेड कुजक्या लाकडातील बुरशीचा असावा. काजव्यांचा उजेड लुकलुकतो; हा एकसारखा तेवत राहतो. सह्याद्रीच्या ओल्या जंगलांत, भीमाशंकरपासून आंबोली-तिळारीपर्यंत, पावसाळ्यात अशी प्रकाशणारी बुरशी आढळते आणि तिच्यातील काही जाती मायसेना या प्रजातीतील आहेत. लाकडात पसरलेल्या तिच्या तंतूंमध्ये ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य असते. विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने त्याचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग झाला की हिरवट प्रकाश बाहेर पडतो. त्यात उष्णता जवळजवळ नसतेच. दिवसाच्या लख्ख उजेडात तो दिसणे शक्य नसते, म्हणून सकाळी तुम्हाला नुसता काळा ओंडका दिसला. गडद अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात. पुण्यात मुलांच्या वाट्याला तितका अंधार कधी आलाच नसेल. वीज गेली नसती, तर त्यांना हा उजेड कदाचित दिसलाही नसता.

मुलांना एक हकिकत जरूर सांगा. १८४० च्या सुमारास जॉर्ज गार्डनर हा वनस्पतिशास्त्रज्ञ ब्राझीलमधील एका गावी गेला असता, रात्री रस्त्यावर मुले काहीतरी चमकणारे घेऊन खेळताना त्याला दिसली. मोठा काजवा असेल असे त्याला वाटले. प्रत्यक्षात ती प्रकाशणारी अळिंबी होती. गावातल्या लोकांना ती माहीत होती, तिला त्यांनी ‘नारळाचे फूल’ अशा अर्थाचे नावही दिले होते, आणि पुढे शास्त्रात त्या अळिंबीला गार्डनरचे नाव मिळाले. ज्या उजेडाने परका माणूस चकित झाला, तो तिथल्या मुलांच्या हातातले खेळणे होता.

आता देवचाराविषयी. इथे यजमानांच्या मताशी मी सहमत नाही. तुमच्या मुलांनी ‘देवचार’ हा शब्द ऐकला आणि त्याचा अर्थ ‘भूत’ असा लावला. दक्षिण कोकणात आणि गोव्यात मात्र देवचार हा सीमेचा राखणदार मानला जातो. हातात काठी आणि खांद्यावर घोंगडे घेऊन तो रात्री शिवेवरून फिरतो आणि वाट चुकलेल्याला घरी पोचवतो, अशी श्रद्धा आहे. म्हणून त्याला गाऱ्हाणे घालतात, म्हणजे रक्षणासाठी त्याची प्रार्थना करतात. तेव्हा वाडीतल्या मुलांना त्याचा धाकही आहे आणि आधारही. तुमच्या मुलांपर्यंत फक्त धाक पोचला. माझ्या मते त्यांच्या भीतीचे मूळ त्या ओंडक्यापेक्षा इथेच अधिक आहे: नव्या, आडबाजूच्या गावात नि:शंकपणे विचारावे असे त्यांचे अजून कोणी नाही. शेजारच्या एखाद्या आजींना संध्याकाळी घरी बोलवा आणि देवचार कोण, राईतले लाकूड का तोडत नाहीत, हे मुलांना त्यांच्याच तोंडून ऐकू द्या. तुम्हाला ते सगळे खरे मानण्याची गरज नाही आणि मुलांनीही ते मानावे असे नाही. पण ‘हे लोक अडाणी आहेत’ असे घरात ऐकलेले मूल उद्या त्याच लोकांच्या मुलांबरोबर खेळणार कसे? राईतल्या लाकडाला हात न लावण्याच्या त्या नियमामुळेच ओंडका जागच्या जागी कुजू शकला आणि बुरशीला घर मिळाले, हेही मुलीला समजेल इतकी ती मोठी आहे.

त्यानंतर, मुले स्वतः तयार झाली तरच, सर्वांनी मिळून पडवीतला कंदील मालवून वीस-तीस मिनिटे बसावे. मुलाला मांडीवर घ्या. प्रथम काही दिसणार नाही. मग हळूहळू तो उजेड उमटू लागेल. जवळ जायचे असेल, तर आधी गावकऱ्यांना विचारा, वाडीतील जाणत्या माणसाला सोबत घ्या, पायांत बूट आणि हातात विजेरी असू द्या, ओंडक्याला हात लावू नका. फुरसे आणि मण्यार हे साप या भागात आहेत. अंधारात एकट्याने राईकडे न जाण्याचा वाडीचा नियम त्या कारणासाठीही पाळायला हवा, आणि हे कारण मुलांना स्पष्ट सांगायला हरकत नाही.

सात वर्षांच्या मुलाला अंधाराची भीती वाटणे या वयाला धरूनच आहे. काही दिवस न्हाणीघरापर्यंत त्याच्याबरोबर जा, त्यावरून कोणी चिडवू नये. महिनाभरात भीती कमी झाली नाही, झोप आणि जेवण बिघडले किंवा तो शाळेत जायला नकार देऊ लागला, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मुलांना पुण्याला मात्र इतक्यात पाठवू नका. आत्ता गेली, तर तो ओंडका त्यांच्या मनात तसाच उजळत राहील. दिवाळीपर्यंत पाऊस ओसरून लाकूड वाळले की उजेड आपोआप मावळेल, आणि तो मावळताना त्यांनी इथूनच पाहावा असे मला वाटते.